दोन पावलं बाजूला

आमच्या घरी पाऊल टाकलं की लोक चपला काढतात, पाणी मागतात, निदान "काय म्हणताय?" एवढं तरी विचारतात. वरच्या मजल्यावरचे धुरीकाका आल्याआल्या सोफा सरकवतात.

गेली पाच वर्षं हे चाललं आहे. दार उघडलं की ते उंबऱ्यातच थांबणार, डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवणार आणि अगदी हळू आवाजात विचारणार, "पानसे, वाट कुठाय?" कसली वाट, असं मी पहिल्या वेळी विचारलं होतं. "बाहेर जायची," ते म्हणाले आणि माझ्या बायकोने मोजूनमापून लावलेला सोफा त्यांनी गुडघ्याने हातभर भिंतीकडे लोटला. मग बसले आणि चहा मागितला. ते गेल्यावर सायलीने सोफा ओढून जागेवर आणला. पुढच्या शनिवारी काका आले, सोफा पुन्हा भिंतीकडे गेला. आमच्या हॉलच्या फरशीवर त्या सोफ्याच्या पायांचे लांबलचक ओरखडे उठले आहेत. या माणसाचा मला राग यायचा आणि तो त्या ओरखड्यांबरोबर दर आठवड्याला वाढत होता.

काका एका बांधकाम कंपनीत सेफ्टी इन्स्पेक्टर आहेत. साठी उलटलेली, अंगाने सडपातळ, कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याची कायमची खूण. दुबईत, अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटायचं की हे धंद्याचं वेड आहे. दिवसभर साईटवर आगीच्या वेळी बाहेर पडायचे रस्ते तपासणारा माणूस घरी येऊन दुसरं काय करणार! हॉटेलात ते दाराकडे तोंड करून बसत. लिफ्टमध्ये चौथा माणूस शिरला की जिना धरत. आणि बोलत इतकं हळू की घशाचं ऑपरेशन झालं असावं, अशी सगळ्यांची समजूत होती. राग आला की माणसांचा आवाज चढतो, यांचा उतरायचा. ते खरोखर संतापले की ऐकणाऱ्याला कान पुढे करावा लागे.

सोफ्याचं एक वेळ सोडून देऊ. खरा ताप होता तो हाक्याचा.

हाका म्हणजे शिकारीतला हाका. रानाच्या तीन बाजूंना माणसं उभी करायची, डबे-ढोल बडवत, आरडाओरडा करत पुढे सरकायचं आणि भेदरून पळणारं जनावर चौथ्या बाजूला दबा धरून बसलेल्या बंदुकांसमोर नेऊन सोडायचं. मी पुण्याचा, त्यामुळे मला हा शब्द पुस्तकातून माहीत. काका सावंतवाडीकडचे. त्यांना तो पुस्तकाबाहेरही माहीत होता. आणि दुबईत, जिथे मैलोगणती रान नाही, तिथे त्यांना पावलोपावली हाका दिसायचा.

एकदा त्यांना मॉलमधल्या सेलला घेऊन गेलो. आत शिरायला दोऱ्या लावून वळणावळणाचा रस्ता केलेला, मागून ढणढण संगीत, पुढे काउंटर. काकांनी माझी बाही ओढली. "पानसे, हा हाका आहे," ते कुजबुजले आणि दोरीखालून वाकून पार्किंगमध्ये निघून गेले. मी सव्वा तास त्यांना शोधत होतो. ऑफिसात आम्हा तिघांना एका दिवशी, एकाच वेळी मीटिंगला बोलावलं, तेव्हा मी सहज त्यांच्यापाशी बोललो. "एचआरची बाई कुठे बसणार?" त्यांनी विचारलं. दाराजवळ, म्हटलं. "मग हाका आहे." त्या मीटिंगमध्ये आमच्यातल्या दोघांना नोटीस मिळाली. मी वाचलो, पण काकांचं म्हणणं खरं ठरलं याचा मला नोकरी गेली असती तरी आला नसता इतका राग आला.

आणि सायलीचा चाळिसावा वाढदिवस! तीन आठवडे मी गुपचूप तयारी केली होती. दिवे बंद, सोफ्यामागे, पडद्यामागे, फ्रिजच्या आडोशाला पंचवीस माणसं, हातात फुगे. तिचा जिन्यात पाय वाजला आणि काका उठून बाहेर गेले. पॅसेजमध्ये त्यांनी तिला थांबवलं आणि शांतपणे सांगितलं, "आत पंचवीस माणसं काळोखात दबा धरून बसलीत. जायचं की नाही ते तू ठरव." सायली आत आली ती खुशाल हसत, पर्स टेबलावर ठेवून तिने स्वतःच दिवा लावला आणि आम्ही पंचवीस जण "सरप्राइज" असं कसंबसं पुटपुटलो. त्यानंतर पंधरा दिवस मी काकांशी बोललो नाही.

सायली मात्र बोलायची. ती म्हणायची, "अरे, एकटा जीव आहे." काकी जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी मेलबर्नला, तिचा शनिवारी सकाळी फोन येई आणि तो संपला की काका आमच्याकडे येत. एवढाच त्यांचा आठवडा होता. बाकी मंडळ होतं.

आमचं मंडळ म्हणजे दुबई-अबुधाबी-शारजातल्या मराठी माणसांचा गोतावळा. गणपती, दिवाळी, हिवाळ्यात सहल. त्याचा कर्ता माणूस आशिष चौबळ. अबुधाबीच्या खलिफा सिटीत व्हिला, मोठ्या कंपनीत मोठं पद, ढोल-ताशा पथकाचा प्रमुख. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. मंडळात कुणाच्या घरी आजारपण आलं तर पहिला फोन त्याचा येतो. पण त्याला जे जे म्हणून मिळतं ते सगळं सगळ्यांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या एका बड्या ग्राहकाने त्याला युरोपातल्या कुठल्याशा थंड देशात हरणांच्या शिकारीला नेलं. आणि हा गृहस्थ ते फोटो घेऊन गणपतीत आला. आरती झाली, प्रसादाची रांग लागली आणि ज्या पडद्यावर लहान मुलांच्या नाचाचं चित्रण दाखवायचं होतं, तिथे चौबळची शिकार सुरू झाली. नारिंगी जाकिटं घातलेल्या चाळीस माणसांची रांग, हातात काठ्या. दुसऱ्या टोकाला बारा बंदुका. "बॉस, काय ॲटमॉस्फिअर असतं!" चौबळ सांगत होता. "सकाळी सूप, मग बिगुल, मग सगळी लाईन एकदम आत शिरते. मी ड्रायव्हिंगच्या, म्हणजे जनावरं हाकणाऱ्यांच्या लाईनीत होतो. माझ्या बाजूला एक जज, पलीकडे गावचा खाटीक. सगळे इक्वल! असं एकत्र मी कधी कुणाबरोबर चाललो नव्हतो." शेवटच्या फोटोत मारलेली हरणं गवतावर ओळीने मांडलेली होती. एकोणीस. प्रत्येकाच्या तोंडात एक हिरवी डहाळी.

काका हातात प्रसादाचा द्रोण घेऊन पुढे गेले. "तोंडात पानं कशाला?"

"रिस्पेक्ट, काका. लास्ट बाइट म्हणतात. शेवटचा घास."

"मेल्यावर भरवतात?" काकांचा आवाज इतका उतरला होता की मला जवळ जावं लागलं.

चौबळने समजावलं. तिकडे लांडगे उरले नाहीत, हरणं बेसुमार वाढतात, शेतं खातात, कोवळी झाडं खातात. मारावीच लागतात. आणि एका दिवसात आटोपलं की वर्षभर जंगलात शांतता. "आणि काका, तुम्ही मटण खाता ना?"

"खातो. बकऱ्याला गावभर पळवून, त्याच्यामागे बिगुल वाजवून मग नाही मारत." काकांनी द्रोण खाली ठेवला. "मारायचंच तर एकट्याने जा. वारा बघ, झाडाखाली बस, उभ्या जनावरावर एक गोळी घाल. चुकली तर गप घरी ये. पळणाऱ्या जनावरावर बारा जण गोळ्या झाडतात, तेव्हा पाय मोडतो, पोट फुटतं, ते पुढच्या रानात जाऊन दोन दिवस मरत राहतं. ते नाही या फोटोत. आणि सगळ्यांत वाईट काय माहितीये? हाक्यात कुणीच मारलेलं नसतं. ओरडणारा म्हणतो, मी फक्त ओरडलो. बंदूकवाला म्हणतो, ते माझ्यासमोर आलं. पाप पण मटणासारखं वाटून घेतात. प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं की कुणालाच जड होत नाही."

एवढं बोलून त्यांनी प्रोजेक्टरची वायर उपटली. त्याच वायरीवर गणपतीची रोषणाई होती. देव अंधारात, चौबळ अंधारात, प्रसादाच्या रांगेत पोरांची रडारड. त्या संध्याकाळी काकांना मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

मला आसुरी आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दर शनिवारी काका येत, सोफा सरकवत आणि चहा पिता पिता काही तरी आडून विचारत. "कोजागिरीला दूध कुणी आटवलं?" "दिवाळीला नाटुकलं केलं का पोरांनी?" ग्रुप नाही, म्हणून निमंत्रण नाही. निमंत्रण नसताना जाणाऱ्यांतले ते नव्हते. दोन वर्षं त्यांनी मंडळाच्या बातम्या माझ्याकडून अशा चोरून ऐकल्या. शेवटी या जानेवारीत मीच चौबळशी बोललो. सहलीला काकांना आणतो, जबाबदारी माझी.

"एका अटीवर," चौबळ म्हणाला. "हाका हा शब्द तोंडातून काढायचा नाही. एकदाही."

काकांना अट सांगितली. ते थोडा वेळ सोफ्याच्या मोकळ्या केलेल्या वाटेकडे बघत राहिले. "नाही काढणार," म्हणाले.

सहलीच्या दिवशी आम्ही सातला निघणार होतो. मी पावणेसातला खाली उतरलो तर काका गेटपाशी उभे. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, पायाशी दहा लिटरचा कॅन. रात्री बसून नारळ खवून त्यांनी साठ माणसांची सोलकढी केली होती. गाडीत माझ्या लेकीने, ईराने, विचारलं, "काका, आर यू एक्सायटेड?" काका म्हणाले, "गप बसायचंय. त्याची तयारी करतोय."

अल ऐनच्या वाटेवर एका ओळखीच्या माणसाचं फार्म आहे. भोवती वाळू, मध्ये खजुराची झाडं, हिरव्या चाऱ्याचे दोन पट्टे आणि चहूबाजूंनी तारेच्या जाळीचं कुंपण. काकांनी तिथेही पहिल्यांदा वाट शोधली. मागच्या अंगाला एक लहान फाटक आहे, हे राखणदार खानसाहेबांना विचारून घेतलं आणि मग दुपारभर कागदी पेल्यांतून सोलकढी वाटत बसले. लोक येऊन बोलत होते. "काका, कुठे होता इतके दिवस?" असं दोघातिघांनी विचारलं. मी लांबून बघत होतो. काका प्रत्येकाला दुसरा पेला भरून देत होते आणि त्यांच्या तोंडावरचं हसू मावळत नव्हतं.

चारच्या सुमाराला हरीण आलं.

इथल्या वाळवंटातलं लहानसं हरीण, शेळीएवढं, लांब कानांचं. पुढचं फाटक दिवसभर उघडं असतं, तिथून हिरव्या चाऱ्याच्या वासाने शिरलं असणार. पोरं किंचाळली. खानसाहेब चुलीपासून उठले नाहीत. "छोड़ दो जी. रोज़ आता है, खाके चला जाता है."

पण चौबळच्या डोळ्यांत चमक आली होती. "यल्ला, सगळे इकडे! मी सांगतो कसं करायचं. हात लावायचा नाही, पळवायचंही नाही, फक्त लाईन धरून हळूहळू फाटकाकडे न्यायचं. तिथे पाच जण मोबाईल घेऊन बसा. जातानाचा व्हिडिओ मिळेल, एकदम क्लास!" सराव करायला पथकाने ढोल आणलेच होते. मी काकांकडे पाहिलं. ते पेले गोळा करत होते. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, हे मला दिसलं. आणि तरी मी जाऊन पथकातला माझा ढोल कमरेला बांधला.

आता जे सांगणार आहे ते सांगताना माझी मलाच चीड येते. मला मजा आली. नुसती नाही, फार मजा आली. पंधरा ढोल, पाच ताशे, चाळीस माणसं, हाताला हात लागेल अशी रांग आणि सगळ्यांची पावलं एका ठेक्यात. आमच्या खजिनदारबाई, ज्या सभेत "हो" आणि "नाही" एवढंच बोलतात, त्या ताट बडवत बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला सदा इंग्रजीत उत्तर देणारी माझी ईरा "हुर्र्र, पळ, पळ!" करत माझ्या शेजारी चालत होती. "बाबा, धिस इज सो कूल!" बारा वर्षांत परदेशात मला इतकं आपल्या माणसांत असल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. चौबळच्या त्या जजचं आणि खाटकाचं मला तेव्हा कळलं.

हरीण फाटकाकडे गेलं नाही. मोबाईल घेऊन बसलेल्यांपैकी कुणी तरी उठून उभं राहिलं, तसं ते वळलं आणि सरळ जाळीवर आदळलं. उठलं, पुन्हा आदळलं. त्याच्या नाकातून रक्त आलं. ते आम्हा पुढच्यांना दिसलं, मागच्यांना दिसत नव्हतं, आणि मागचे वाजवत होते म्हणून आम्हीही वाजवत होतो. थांबायचं कुणी, ते ठरलं नव्हतं.

मग ते माघारी फिरलं आणि आमच्या रांगेकडे आलं. नेमकं माझ्याकडे. माझ्यात आणि पलीकडच्या ताशेवाल्यात थोडी फट होती. माझ्यापासून चार हातांवर ते थांबलं. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. ते माझ्याकडे पाहत होतं. आणि मी, दयाराम अनंत पानसे, बी. कॉम., रोज सकाळी बाल्कनीत चिमण्यांना दाणे टाकणारा माणूस, मी टिपरू उचललं आणि ढोलावर सणसणीत हाणलं.

त्याच क्षणी तो आवाज झाला.

तो शब्द नव्हता. पोटातून निघालेली, वर चढत जाणारी आणि शेवटी फाटणारी एक लांब आरोळी. कोकणात तिला कुकारा म्हणतात, हे मला नंतर कळलं. पंधरा ढोलांच्या वरून ती आली आणि पंधरा ढोल जागच्या जागी बंद पडले. फार्मवर एकदम इतकं शांत झालं की चुलीतलं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं. आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मागचं लहान फाटक सताड उघडं होतं आणि त्याच्याजवळ, सोलकढीचा डाग पडलेल्या शर्टात, धुरीकाका उभे होते.

"पानसे," ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. "दोन पावलं बाजूला हो."

मी झालो. ईरालाही ओढलं. हरीण आमच्यामधून गेलं, लंगडत, घाई न करता. काका फाटकापासून दूर सरकून पाठ करून उभे राहिले. ते त्यांच्या मागून बाहेर गेलं आणि वाळूच्या उंचवट्यापलीकडे दिसेनासं झालं.

पहिल्यांदा बोलला तो चौबळ. "काका, तुम्ही प्रॉमिस केलं होतं."

"तो शब्द मी काढलेला नाही," काका म्हणाले.

हे खरं होतं, पण ऐकून कुणी हसलं नाही. खजिनदारबाई ताट पुसत बसल्या. फाटकापाशी मोबाईल घेऊन बसलेले व्हिडिओ पुसून टाकत होते. चौबळचा चेहरा पडला होता, त्यालाही ते रक्त दिसलं होतं. पण वाईट वाटलेल्या माणसाला कुणावर तरी रागवावं लागतं. "खलास," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पुढच्या वेळी यांना आणायचं नाही. सगळ्यांचा मूड घालवला." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. काकांनी कॅन नळाखाली धुतला, उपडा घालून निथळवला आणि कुणी न सांगता आमच्या गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर ईराने विचारलं, "काका, दॅट शाउट... व्हेअर डिड यू लर्न इट?"

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हाक्यात."

मी गाडीचा वेग कमी केला.

"बाप नव्हता. आई लोकांच्या घरी भात कांडायची. वर्षभर गावात मला कुणी हाक मारायचं नाही, मारली तर कामाला. पण पारधीच्या दिवशी खुद्द गावचे मानकरी आमच्या खळ्यात, दारापुढच्या अंगणात, यायचे. बाहेरूनच म्हणायचे, 'दिगू, चल रे. तुझ्याशिवाय रान हलाचा नाय.' पंचक्रोशीत माझ्यासारखा कुकारा कुणाचा नव्हता. मी ओरडलो की डुकरं, भेकरं, सगळं उठायचं. ढोलवाले माझ्यासाठी थांबायचे. कायद्याने बंदी तेव्हाही होती, पण आमच्या रानात कायदा कोण घेऊन येणार?"

"मग?" सायलीने विचारलं.

"बावीस वर्षांचा होतो. एक भेकरी, हरणाचीच जात, बंदुकांकडे न जाता माघारी फिरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आज या पानसेसमोर उभं राहिलं ना, तेवढ्याच अंतरावर. माझ्या बाजूला फट होती. दोन पावलं सरकलो असतो तर गेली असती, कुणाला कळलंसुद्धा नसतं." त्यांनी खिडकीची काच बोटाने पुसली. "मी ओरडलो. आयुष्यातला सगळ्यांत मोठा कुकारा होता तो. ती वळली आणि बंदुकांसमोर गेली. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. सागाच्या पानावर वाटा मिळाला, मानकऱ्यांच्या बरोबरीचा. आईने रस्सा केला. चांगला झाला होता, खोटं कशाला सांगू."

ईरा रडत होती. काकांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून तिला दिला.

"त्यानंतर कधी गेलो नाही. मानकरी पुढच्या वर्षी आले, मी मागल्या दाराने निघून गेलो. मग त्यांनी येणं सोडलं." आवाज इतका खाली गेला की मी एसी बंद केला. "तिला वाट दिली नाही याची लाज वाटते. ती वाटणारच. पण पानसे, खळ्यात उभं राहून 'दिगू, चल रे' म्हणणारं नंतर कधी कुणी भेटलं नाही. त्याची अजून आठवण येते, याची जास्त लाज वाटते."

पुढच्या शनिवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सायलीने दोनदा डबा पाठवला, तो घासून परत आला, वर चिठ्ठी, फक्त "थँक्यू". मंडळाच्या ग्रुपवर सहलीचे फोटो आले, त्यात हरीण नव्हतं आणि काकाही नव्हते. मी ग्रुपमधून बाहेर पडलो, असं सांगायला मला आवडलं असतं. पडलो नाही. तेवढी धमक माझ्यात नाही. चौबळला फोन करून मी एवढंच म्हटलं की ढोल मीही वाजवत होतो, तूही वाजवत होतास, आणि काकांनी काही घालवलं असेल तर ते त्या हरणाचं मरण. तो म्हणाला, "बघू रे. इन्शाल्ला." तेही काही कमी नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी सकाळी आमचा हॉल फारच नीटनेटका दिसत होता. सोफा टीव्हीसमोर, सायलीने मांडलेला, तसूभर न हललेला. मी आणि ईराने मिळून तो उचलला आणि दाराच्या बरोबर समोर, आडवा, वाट पूर्ण बंद होईल असा नेऊन ठेवला. सायली स्वयंपाकघरातून बघत होती. तिने चहाचं आधण वाढवून चार कपांचं केलं.

सोफ्यावरून उडी मारून मी जिना चढून वर गेलो. काकांच्या दाराशी उभा राहिलो, बेल वाजवली नाही. मुलीचा फोन नुकताच संपला असावा, आत शांतता होती. मला मालवणी येत नाही आणि वयाने इतक्या मोठ्या माणसाला मी जन्मात कधी एकेरी हाक मारलेली नाही. तरी मारली.

"दिगू," मी बाहेरूनच म्हटलं, "चल रे. तुझ्याशिवाय सोफा हलत नाहीये."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग कडी निघाली. काका दारात उभे होते, चष्मा हातात, डोळे पुसलेले.

"पानसे," ते म्हणाले, "वाट कोणी अडवली?"

"मी," म्हटलं.

त्यांनी चपला पायात सरकवल्या आणि माझ्या पुढे जिना उतरायला लागले.